पडदा निवडतांना : रेखीवपणा कीं चपळपणा ?

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी, अशीं हीं दोन गांवें पुलानें जोडलेलीं असून त्यांची नगरपरिषदही एकच आहे. मुंबईकडून येणारी मध्य रेल्वे रोह्यास संपते आणि तेथूनच कोंकण रेल्वेचा आरंभ होतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हांपासून या मार्गानें जाणाऱ्या प्रवाशांस एक साधा अनुभव नेहमीं येत असतो. गाडी उभी असली म्हणजे फलाटावरील पिवळी पाटी अगदीं स्वच्छ दिसते. तिच्यावरील अक्षरेंच काय, पण रंगाचे उडालेले टवकेही मोजतां येतात. तीच गाडी एखाद्या लहान स्टेशनावरून न थांबतां धडधडत निघाली म्हणजे पाटी येते आणि जाते. पिवळा पट्टा तेवढा डोळ्यांत राहतो, नांव वाचतां येत नाहीं. वास्तविक पाटीवरील अक्षरें कांहीं पुसट झालेलीं नसतात. डोळ्यास पुरेसा अवसर मिळाला नाहीं, इतकेंच. आणि त्याच क्षणीं दूरचे सह्याद्रीचे डोंगर मात्र चांगले रेखीव दिसत असतात.

पाहणें ही क्रिया एक असली तरी तिचीं अंगें दोन आहेत, हें यावरून लक्षांत येईल. उभी वस्तु किती बारकाईनें दिसते हें एक अंग, आणि चालती वस्तु कितपत निसटूं न देतां दिसते हें दुसरें. संगणकावर खेळ खेळण्यासाठीं मॉनिटर, म्हणजे संगणकाचा पडदा, विकत घ्यावयाचा झाला म्हणजे नेमका हाच प्रश्न पुढें उभा राहतो. दुकानदार एका पडद्याचें रेझोल्यूशन सांगतो, दुसऱ्याचा रिफ्रेश रेट सांगतो. आणि ऐकणारा गृहस्थ, आंकडा मोठा तो पडदा चांगला, अशी समजूत करून घेतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

अष्टमींतील एक घर श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस. आई घरखर्च आणि शिल्लक सांभाळणारी. मुलगी इमारतींचे आराखडे काढण्याचें शिक्षण घेणारी. आणि धाकटा मुलगा महाविद्यालयांत जाणारा, संध्याकाळीं चार मित्रांसह नेमबाजीच्या खेळांत रंगणारा. घरांत संगणक एक, टेबल एक. गेल्या पावसाळ्यांत जुना मॉनिटर बिघडला आणि दिवाळीच्या बोनसांतून पंचवीस हजार रुपये नव्यासाठीं बाजूस ठेवले गेले. लगेच घरांत दोन पक्ष झाले. मुलाला सेकंदास २४० वेळां चित्र बदलणारा पडदा हवा, मुलीला अतिशय बारीक ठिपक्यांचा, ज्याला बाजारांत फोर-के म्हणतात तो हवा. "ताई, तुझ्या पडद्यावर शत्रू फार सुंदर दिसेल, पण दिसेपर्यंत माझा खेळ आटोपलेला असेल," असें मुलाचें म्हणणें. "आणि तुझ्या पडद्यावर मी दिवसभर आराखडे पाहिले, तर माझे डोळे आटोपतील," हें तिचें उत्तर. वडिलांच्या मनांत याहून निराळीच शंका होती. खेळासाठीं इतका पैसा घालावा तरी कां ?

या शेवटच्या शंकेचें उत्तर आधीं द्यावयास हवें. संगणकावरील खेळ म्हणजे केवळ वेळेचा अपव्यय, अशी समजूत आतां पूर्वीइतकी सरसकट राहिलेली नाहीं. २०२३ सालीं हांगझौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांस पदकांचा मान मिळाला. आपल्याकडे २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, आणि कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांस, म्हणजे ई-स्पोर्ट्सना, मान्यता दिली. जुगार निराळा आणि क्रीडा निराळी, हा भेद कायद्यानेंच केला आहे. तेव्हां मुलाची मागणी हट्ट म्हणून टाकून देण्यासारखी नव्हे. ती तपासून पाहावी एवढेंच.

तपासण्यासाठीं प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पडद्यावरील चित्र हें असंख्य बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. रेझोल्यूशन म्हणजे या ठिपक्यांची संख्या. सामान्य, ज्याला फुल-एचडी म्हणतात, त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला म्हणजे २०,७३,६०० होतात. त्याच्या वरच्या पायरीवर २५६० गुणिलें १४४०, म्हणजे ३६,८६,४०० ठिपके. आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे ८२,९४,४००. दुसरा शब्द रिफ्रेश रेट. एका सेकंदांत पडदा चित्र किती वेळां नव्यानें मांडतो, ती ही संख्या. ती हर्ट्झ या मापानें सांगतात. ६० हर्ट्झचा पडदा एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे १६.७ सहस्रांश, दाखवितो. १४४ हर्ट्झचा सुमारें ६.९, आणि २४० हर्ट्झचा सुमारें ४.२.

नांवें नवीं असलीं तरी ही ओढाताण मराठी माणसास अगदींच अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणला आणि १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेवला. त्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत. मूकपटांच्या त्या युगांत सेकंदाला साधारणतः १६ ते २० चित्रें घेतलीं जात. फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें मावतात. म्हणजे दांडा त्या गतीनें फिरविला तर दर सेकंदास एक फूट फिल्म खर्ची पडे. हालचाल अधिक सफाईची हवी, तर दांडा अधिक वेगानें फिरवावयाचा. पण मग फिल्मही त्याच प्रमाणांत अधिक लागावयाची. बोलपट आल्यावर आवाजासाठीं एक ठराविक गति आवश्यक झाली आणि सेकंदाला २४ चित्रें हा नियम पडला. १९३२ साली प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, तेव्हां दर सेकंदास दीड फूट फिल्म धांवूं लागली होती. सफाईची किंमत फिल्मच्या लांबींत मोजावी लागे, ती अशी.

त्या चित्रगृहांतील यंत्रानें आणखी एक गोष्ट शिकविली. सेकंदाला २४ चित्रें नुसतीं फेंकलीं तर उजेड लुकलुकतो. म्हणून यंत्रांतील झडप प्रत्येक चित्र दोनदां किंवा तीनदां उजेडांत आणते. लुकलुक थांबते, पण म्हणून चित्रांची संख्या वाढते असें नाहीं. तेंच चित्र दोनदां दाखविलें तर हालचालींत नवें कांहीं येत नाहीं. हा भेद पुढें उपयोगीं पडेल.

१९७२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस मुंबई दूरदर्शनचें प्रक्षेपण सुरू झालें. तेथें तर हा प्रश्न उघडपणें तडजोडीनें सोडविलेला होता. चित्राच्या ६२५ ओळी. त्या सर्व एकदम पाठवावयाच्या तर उपलब्ध वहनशक्तींत सेकंदाला २५ च चित्रें बसत, आणि इतक्या मंद गतीनें कांच लुकलुकली असती. म्हणून आधीं एक आड एक अशा अर्ध्या ओळी आणि मग उरलेल्या अर्ध्या, असें करून सेकंदाला ५० अर्धीं चित्रें पाठवीत. डोळ्यांस लुकलुक जाणवेनाशी झाली, पण त्याचें मोलही द्यावें लागलें. निवेदिकेच्या वस्त्रावर बारीक आडव्या रेषा असल्या तर त्या पडद्यावर थरथरतांना दिसत. रेखीवपणांतून थोडें काढून तें चपळपणांत घातलें, असाच तो व्यवहार होता.

आजच्या मॉनिटरचा हिशेबही याहून वेगळा नाहीं. अष्टमीच्या घरांतील दोन्ही मागण्या कागदावर मांडून पाहाव्या. मुलाचा पडदा २०,७३,६०० ठिपक्यांचा आणि २४० हर्ट्झचा. गुणाकार केला तर सेकंदाला ४९,७६,६४,००० ठिपके. मुलीचा पडदा ८२,९४,४०० ठिपक्यांचा आणि ६० हर्ट्झचा. गुणाकार पुन्हां ४९,७६,६४,०००. एका ठिपक्याचाही फरक नाहीं ! भावाबहिणींनीं दोन टोंकांच्या वस्तु मागितल्या असें वाटत होतें. प्रत्यक्षांत दोघांनीं यंत्राकडे अगदीं सारखेंच काम मागितलें. एकाला तें काम वेळेंत वांटून हवें, दुसरीला जागेंत वांटून हवें. पन्नास कोटी ठिपक्यांची रास एकच. ती बाजूंनीं पसरावयाची कीं एकामागून एक रचावयाची, एवढाच वाद.

मग निवड कोणत्या कसोटीवर करावयाची ? येथें स्टेशनावरील पाटीचा दाखला उपयोगीं पडतो. पडद्यावरील चित्र पुढचें चित्र येईपर्यंत जागच्या जागीं थांबून असतें. डोळा मात्र धांवत्या वस्तूबरोबर अखंड सरकत असतो. या विसंगतीमुळें ती वस्तु फांसटल्यासारखी दिसते. एखादी आकृति फुल-एचडी पडद्याची रुंदी दोन सेकंदांत ओलांडीत असेल, तर ती सेकंदाला ९६० ठिपके जाते. ६० हर्ट्झवर तिची कडा १६ ठिपक्यांइतकी फांसटते, १२० वर ८, आणि २४० वर अवघी ४. आतां तीच आकृति त्याच गतीनें फोर-के पडद्यावर धांवूं द्यावी. तेथें रुंदींत ठिपके दुप्पट, म्हणून ६० हर्ट्झवर फांसटणेंही ३२ ठिपक्यांचें. म्हणजे ज्या बारकाव्यासाठीं दाम मोजले, तो बारकावा वस्तु हलूं लागतांच विरून जातो. ती थांबली कीं परत येतो. यावरून असें म्हणतां येईल कीं, रेझोल्यूशन हें उभ्या वस्तूंचें धन आहे आणि रिफ्रेश रेट हें धांवत्या वस्तूंचें.

अर्थात् खेळ कोणता, हें आधीं पाहिलें पाहिजे. नेमबाजीच्या चढाओढींत दृष्टि क्षणांत डावीकडून उजवीकडे वळते, शत्रू कोपऱ्याआडून निमिषभर डोकावतो. तेथें चपळ पडदा खरोखरच साहाय्य करतो. मोटारींच्या शर्यतींसही तेंच लागू. उलट ज्यांत राज्यें वसवावयाचीं, नकाशावर सैन्यें हलवावयाचीं किंवा एखाद्या कथेंतील अरण्यांतून सावकाश हिंडावयाचें, त्या खेळांत पडदा बहुतेक वेळ स्थिर असतो, आणि तेथें रेखीवपणाचा आनंद मोठा. बुद्धिबळाच्या पटास २४० हर्ट्झ देणें म्हणजे बैलगाडीस विमानाचें इंजिन जोडण्यासारखें आहे.

रेखीवपणालाही मर्यादा आहे, आणि ती डोळ्यानेंच घालून दिलेली आहे. आपल्या ज्योतिषांत अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. निरोगी डोळ्यास साधारणपणें एका कलेइतका बारकावा ओळखतां येतो. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलें तर ही एक कला सुमारें ०.१७ मिलिमीटर भरते. २४ इंची फुल-एचडी पडद्याचा ठिपका सुमारें ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळून पाहतां कांहींसा खरबरीत. पडदा २७ इंचांचा केला आणि ठिपके तेवढेच ठेवले, तर ठिपका ०.३१ चा होतो. पडदा मोठा झाला आणि चित्र मात्र विरळ झालें. २७ इंचांत २५६० गुणिलें १४४० ठिपके बसविले तर ०.२३, फोर-के बसविले तर ०.१६, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्याही किंचित् आंत. त्यापुढें ठिपके वाढविणें हें त्या अंतरावर बसणाऱ्यास बहुतांशीं व्यर्थ.

मुलीच्या बाजूनें आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, ती आपल्या लिपीची. रोमन अक्षरें थोड्या ठिपक्यांत भागवून घेतात. देवनागरीचें तसें नाहीं. शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार, खालीं उकार, मध्यें जोडाक्षरांची दाटी. लहान टाइपांत अनुस्वार हा एखाद-दोन ठिपक्यांचाच मामला असतो, आणि तो नीट उमटला नाहीं तर शब्दाचें वचन बदलतें. ज्या घरांत पडद्यावर मराठी वाचलें-लिहिलें जातें, तेथें रेखीवपणा ही केवळ चैन मानूं नये.

चपळपणाचीही अशीच एक मर्यादा आहे, आणि ती आंकड्यांवरूनच दिसते. ६० वरून १४४ हर्ट्झवर गेलें म्हणजे प्रत्येक चित्रामागें सुमारें ९.७ मिलिसेकंद वांचतात. १४४ वरून २४० वर गेलें म्हणजे सुमारें २.८. २४० वरून ३६० वर गेलें म्हणजे अवघे १.४. पहिली पायरी मोठी, दुसरी लहान, तिसरी फारच लहान. पैसे मात्र प्रत्येक पायरीस मोजावे लागतात. त्यांतही इंटरनेटवरून निरोप जाऊन येण्यास कित्येक दहा मिलिसेकंद लागत असले, तर पडद्यानें वांचविलेल्या दोन मिलिसेकंदांचा तोरा मिरविण्यांत अर्थ नाहीं.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न घरांतील संगणकाच्या शक्तीचा. चित्रें काढण्याचें काम त्यांतील ग्राफिक्स कार्ड करतें; पडदा तीं फक्त मांडतो. कार्डानें सेकंदाला ५० च चित्रें दिलीं तर १४४ हर्ट्झचा पडदा तींच तीं पुन्हां दाखवीत बसणार. चित्रगृहांतील झडपेची गोष्ट येथें आठवावी. आणि ठिपके चौपट केले कीं कार्डावरील भार पुष्कळच वाढतो, म्हणून जें कार्ड फुल-एचडी पडद्यावर खेळ सुरळीत चालवितें, तेंच फोर-के पडद्यावर धापा टाकूं लागतें. अलीकडे मोठें चित्र थोड्या ठिपक्यांत काढून तें युक्तीनें फुगविण्याच्या, आणि दोन खऱ्या चित्रांमध्यें एक कल्पित चित्र घालण्याच्या सोयी निघाल्या आहेत. पहिल्या सोयीनें भार खरोखर हलका होतो. दुसरीनें हालचाल गुळगुळीत दिसते. पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब तीमुळें कमी होत नाहीं, हें चढाओढींत उतरणाऱ्यानें विसरूं नये. कार्ड कमी पडलें तर पडद्याचे ठिपके कमी करून खेळतां येतें. त्यांतही फोर-के पडद्यावर फुल-एचडी चित्राचा एक ठिपका बरोबर चार ठिपक्यांच्या चौकोनांत बसवितां येतो, तर १४४० च्या पडद्यावर तो सवंगडी अपूर्णांकांत भागला जाऊन चित्र थोडें मऊ दिसतें.

इतर बाबी थोडक्यांत. कार्डाच्या गतीप्रमाणें पडद्यानें आपली गति जुळवून घ्यावी, अशी व्यवस्था २०१३ नंतर बाजारांत आली आणि आज ती मध्यम किंमतीच्या पडद्यांतही मिळते. ती असली म्हणजे चित्र मध्येंच फाटल्यासारखें दिसत नाहीं. म्हणून ती अवश्य पाहून घ्यावी. ठिपक्यास रंग बदलण्यास लागणारा वेळ जाहिरातींत एक मिलिसेकंद लिहिलेला असतो. तो अनुकूल परिस्थितींतील समजावा. आणि जोडणीची तार जुनी नसावी, एचडीएमआयच्या १.४ या जुन्या पद्धतींत फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळांच जातें, ६० साठीं २.० पद्धति लागते. नवा पडदा आणि जुनी तार असा संसार पुष्कळ घरीं निमूटपणें चाललेला असतो.

खरेदीस बाहेर पडतांना एक सावधगिरी बाळगावी. अष्टमीहून मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रोडवरील दुकानें पाहावयाचीं असोत कीं घरबसल्या मागवावयाचें असो, दाखविणारा जें दाखवितो तें त्याच्या सोयीचें असतें. दुकानांत पडद्यावर सरोवरें, फुलें आणि पक्ष्यांचीं पिसें संथपणें सरकत असतात. तेथें रेखीवपणा उठून दिसतो आणि चपळपणा कळतच नाहीं. जाहिरातींत उलट, तेथें हर्ट्झचा आंकडा ठळक, आणि ठिपक्यांचा बारीक अक्षरांत. म्हणून दुकानांत एखादें मराठी पान उघडून तें भराभर वर-खालीं सरकवून पाहावें. थांबल्यावर अक्षरें कशीं दिसतात आणि सरकतांना कितपत वाचतां येतात, या दोन गोष्टींत दोन्ही परीक्षा एकदम होतात. आणि पडदा घरीं आणल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्यें जाऊन हर्ट्झचा आंकडा स्वतः पाहावा. १४४ चा पडदा घेऊन वर्षभर ६० वरच पाहत राहिलेलीं माणसें थोडीथोडकीं नाहींत.

अष्टमीच्या त्या घरीं शेवटीं मार्ग काढला तो आईनें. तिनें आठवडाभर टेबलाशेजारीं भिंतीवर एक कागद लावला आणि जो बसेल त्यानें किती वेळ आणि कशासाठीं बसलों तें लिहावें, असें सांगितलें. आठवड्याच्या अखेरीस मुलाच्या खेळाचे चौदा तास भरले, मुलीच्या आराखड्यांचे व वाचनाचे पंचवीस. आणि मुलाच्या चौदांपैकीं पांच तास सावकाश चालणाऱ्या कथेच्या खेळांत गेलेले निघाले. त्यानें मित्राकडून मागून आणलेल्या पडद्यावर आपल्या संगणकाची परीक्षाही घेतली. नेमबाजीच्या खेळांत कार्ड सेकंदाला दीडशेंच्या आसपास चित्रें देत होतें. २४० पर्यंत तें एकदांही पोंचलें नाहीं. फोर-के पडद्यावर नवा, भारी खेळ तिशीच्या वर जाईना. दोघांनींही आपापल्या हट्टाचें उत्तर आपल्याच हातानें शोधलें होतें, म्हणून कोणास समजावावें लागलें नाहीं.

ठरलें तें असें. २७ इंची, २५६० गुणिलें १४४० ठिपक्यांचा, १४४ हर्ट्झचा पडदा घ्यावा. त्याचा गुणाकार ५३,०८,४१,६०० होतो. म्हणजे दोघांनीं मागितलेल्या राशीहून थोडासाच अधिक. मुलाला ६० पासून २४० पर्यंत जाऊन एकंदर साडेबारा मिलिसेकंदांचा लाभ हवा होता, त्यांतील ९.७ पदरांत पडले, म्हणजे चार भागांतील तीन भागांहून अधिक. मुलीला फुल-एचडीच्या पावणेदोनपट ठिपके मिळाले. सामन्याच्या संध्याकाळीं टेबल मुलाचें, आणि आराखडे सादर करण्याच्या आठवड्यांत तें मुलीचें, अशी अट आईनें घातली. "आणि बाबांचें टेबल केव्हां ?" असें मुलीनें विचारलें. वडिलांनीं रविवारची दुपार मागून घेतली. जुने मराठी बोलपट पाहण्यासाठीं. त्यांना सेकंदाला २४ चित्रें पुरत होतीं.

प्रत्येक घरानें हाच पडदा घ्यावा असें यावरून कोणी समजूं नये. जो केवळ स्पर्धेसाठीं खेळतो आणि ज्याचा संगणक तेवढीं चित्रें देऊं शकतो, त्यानें २४ इंची फुल-एचडी आणि २४० हर्ट्झ घेतल्यास तो चुकला असें म्हणतां येणार नाहीं. ज्याचा दिवस वाचनांत आणि चित्रकामांत जातो व खेळ ही विरंगुळ्याची बाब आहे, त्यानें फोर-के घ्यावा आणि ६० वर समाधान मानावें. ज्यास दोन्ही हवें आणि पैशाची अडचण नाहीं, त्यास दोन्ही देणारे पडदेही आज मिळतात. मात्र त्यांस साजेसें ग्राफिक्स कार्ड पडद्याहूनही महाग पडतें, हें त्यानें आधींच ध्यानांत ठेवावें. बाकीच्यांनीं भिंतीवर एक कागद लावावा, आपल्या पडद्यावर काय उभें असतें आणि काय धांवतें याची आठवडाभर नोंद ठेवावी, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.